गोठ्यातले मावळे

कॅथलिक शाळेतला देव वक्तशीर असतो. आपल्या बाकीच्या देवांना सवड असते. सत्यनारायण साडेदहाचा सांगून दीड वाजता प्रसन्न झाला तरी कुणी तक्रार करत नाही, आणि गणपतीला निरोप देता देता दुसरा दिवस उजाडला तरी गणपतीला घाई नसते. पण वसईत चर्चच्या आवारात जी शाळा उभी असते, तिथं सात पंचवीस म्हणजे सात पंचवीस. सव्विसाव्या मिनिटाला गेट लागतं. गेटवर वॉचमन असतो, वॉचमनच्या मागे सुपरवायझर सिस्टर असतात, आणि सिस्टरांच्या मागे कोण उभा असतो ते उशिरा आलेल्या कोणत्याही पोराला विचारा.

ही सगळी माहिती आतल्या गोटातली आहे. माझं माध्यमिक शिक्षण अशाच एका शाळेत झालं, आता मुलगी तिथंच आहे, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत चहा येईपर्यंत तग धरणाऱ्या मोजक्या बापांत माझी गणना होते. घरी देव्हारा आहे, त्यात चार-पाच जण दाटीवाटीनं नांदतात. शाळेचं नाव देत नाही. वसईत अशा शाळा इतक्या आहेत की प्रत्येकीला हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटेल, आणि बहुतेक ते खरंच असेल.

‘कॅथलिक शाळा’ म्हटलं की घाटावरच्या आणि दादरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंट उभं राहतं: टाय, इंग्रजी, आणि मराठी बोललं की दंड. वसईत तसं नाही. इथला कॅथलिक मराठीत मिस्सा ऐकतो, मराठीत भांडतो आणि केळीच्या घडाचा भावही मराठीतच पाडून मागतो. पोर्तुगीज इथं १५३४ साली आले आणि १७३९ साली गेले. दोनशे वर्षांत त्यांनी किल्ला दिला, चर्चं दिली, आडनावं दिली. लग्नातली गाणी आणि शिव्या मात्र लोकांनी आपल्याच ठेवल्या. त्यामुळे आमच्या वर्गाचा हजेरीपट वाचायला मोठी मजा होती. घरत, मग घोन्साल्विस. पटेल, परेरा, पवार, पाटील. बाई हजेरीपटाच्या क्रमानंच बेंचवर बसवायच्या. म्हणून परेराच्या एका बाजूला पटेल, दुसऱ्या बाजूला पवार, अशी राष्ट्रीय एकात्मता केवळ वर्णमालेच्या जोरावर साधली होती. त्यासाठी वेगळं भाषण कधी करावं लागलं नाही. परीक्षेत परेराची उत्तरं दोन्ही बाजूंना सारख्याच निःपक्षपातीपणे पोचायची.

मराठीच्या बाई कट्टर होत्या. त्यांच्याकडे एक हुकमी अस्त्र होतं: फादर थॉमस स्टीफन्स. हा गृहस्थ जन्मानं इंग्रज, पंथानं जेझुइट. गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली राचोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडलं. सुमारे अकरा हजार ओव्या. बाई निबंधाच्या वह्या तपासून आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: “साहेबाला अकरा हजार ओव्या झाल्या, आणि तुला पावसाळ्यावर दहा ओळी होत नाहीत?” एकदा मागच्या बेंचवरून उत्तर आलं, “बाई, त्याला बीजगणित नव्हतं.” बाईंनी त्याला बाहेर उभं केलं खरं, पण स्टाफरूममध्ये जाऊन त्या हसल्या, असं शिपाईमामांनी सांगितलं.

पुढे २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते. बाहेर काही मंडळींनी नाकं मुरडली, मराठीचं आता कसं होणार म्हणून गळे काढले. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. बाजारात भेटल्या तेव्हा त्यांची चिंता वेगळीच होती. “आता वसईतल्या एकाही पोराला ऱ्हस्व-दीर्घ चुकवायची सोय राहिली नाही,” म्हणाल्या, आणि पालेभाजी घेऊन निघून गेल्या.

इतिहासाचा तास ही आणखी नाजूक बाब. वसईच्या शाळेत, चर्चच्या सावलीत, लोपीस-रॉड्रिग्जांनी भरलेल्या वर्गाला चिमाजी अप्पांची वसई मोहीम शिकवायची आहे. नव्या सरांना घाम फुटतो. कुणाची बाजू घ्यावी? वर्गाला असा प्रश्न कधीच पडत नाही. सुरुंग उडाला की अख्खा वर्ग, लोपीससकट, मराठ्यांकडून असतो. पोर्तुगिजांच्या बाजूनं रडायला आमच्या वर्गात एकही पोर्तुगीज नव्हता. अडचण आली ती घंटांपाशी. विजयी मराठे इथल्या चर्चच्या घंटा घेऊन गेले आणि त्या महाराष्ट्रातल्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे. भीमाशंकरालाही अशीच एक आहे. सरांनी हे सांगितल्यावर एका परेरानं हात वर केला. “सर, परत मागता येईल का?” सर म्हणाले, “आधी आपल्या शाळेची पितळी घंटा गेल्या वर्षी भंगारवाल्याकडे कुणी नेली ते सांग. मग नाशिकचं बघू.” तास तिथंच संपला.

त्या नारोशंकराचा एक कायमचा उपयोग मात्र झाला. सुपरवायझर सिस्टरांचा आवाज तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत स्पष्ट ऐकू यायचा. मुलांनी त्यांचं नाव नारोशंकर ठेवलं. सिस्टरांना ते कळलं तेव्हा त्यांनी नारोशंकर कोण म्हणून चौकशी केली, आणि देवळाचं प्रकरण आहे म्हटल्यावर समाधानानं मान हलवली. म्हणाल्या, पूर्वीच्या बॅचनं ठेवलेल्या नावापेक्षा हे बरंच पवित्र आहे.

खऱ्या घंटेकडे येतो. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा होते आणि देवदूताची प्रार्थना म्हटली जाते. त्या क्षणी जो जिथं असेल तो तिथं थांबतो. पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे. शिपाईमामा झाडू धरून उभे. आमच्या काळी पट्टीचा कारभार कायद्यानं बंद व्हायचा होता. गणिताच्या सरांनी पाटलाचा हात उघडायला लावला, पट्टी वर नेली, आणि घंटा झाली. पट्टी वर. पाटलाचा हात पुढे. सर डोळे मिटून प्रार्थना म्हणतायत, आणि पाटील, ज्याला तोवर एकही प्रार्थना पाठ नव्हती, तो सरांपेक्षा मोठ्यानं म्हणतोय. शेवटचा क्रूस झाला, सरांनी डोळे उघडले, पट्टीकडे पाहिलं, आणि खाली ठेवली. त्या दिवसापासून वर्गात एक शास्त्र विकसित झालं. जो गुन्हा करायचा तो अकरा अठ्ठावन्नला करायचा. पाटील आज रेल्वेत आहे, आणि अजूनही बाराच्या ठोक्याला हात खिशात घालतो.

सकाळच्या परिपाठाचं मात्र आता काही खरं राहिलेलं नाही. आमच्या वेळी एक प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि नखं तपासणी एवढंच होतं. २०२०च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका आली, २०२३ साली राज्यगीत आलं. २०२४ साली देशभरच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना धाडल्या: रोज उद्देशिका वाचा, आणि इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका. आमच्या शाळेत उद्देशिका आधीच चालू होती. त्यामुळे वरिष्ठांचा आदर म्हणून ती दोनदा वाचावी काय, असा प्रश्न एका सरांनी सभेत गंभीरपणे विचारला. बातम्या, वाढदिवस, ‘आजचा दिनविशेष’ हे सगळं धरून परिपाठ संपतो तेव्हा पहिला तास संपत आलेला असतो. पहिला तास भूगोलाचा असतो. भूगोल काही बोलत नाही.

लादण्यावरून आठवलं. नागरिकशास्त्राच्या सरांनी एकदा आम्हाला संविधानातलं कलम २८ समजावलं. सरकारी मान्यता असलेल्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण पुस्तक घेऊन थेट प्रिन्सिपॉल फादरांच्या केबिनमध्ये. “फादर, मला प्रार्थनेला यायचं नाही. कलम २८, उपकलम ३.” फादरांनी चष्मा लावला, पुस्तक वाचलं, उठून त्याच्याशी हात मिळवला. म्हणाले, “अगदी बरोबर आहे तुझं. उद्यापासून तू प्रार्थनेला येऊ नकोस. तू घंटा वाजव.” घंटा वाजवणाऱ्याला सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी यावं लागतं. पोरगं वर्षभर सव्वासातच्या ठोक्याला हजर. पुढे तो वकील झाला, आणि तारखेला वेळेवर हजर राहणारा वकील म्हणून कोर्टात त्याच्याकडे आजही संशयानं पाहतात.

ज्यांना संमती-असंमतीचं काही पडलेलं नव्हतं असे बाकीचे आम्ही, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची वाट पाहत असू. पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलांना मिस्सेसाठी चर्चमध्ये नेत, आणि उरलेल्यांना मूल्यशिक्षणाचा तास. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात प्रत्येक धड्यात कुणाला तरी रस्त्यात पैशाचं पाकीट सापडायचं आणि तो ते परत करायचा. वर्षभरात इतकी पाकिटं परत झाली की त्या गावातले लोक इतके विसराळू का, असं वाटायला लागलं. चर्चमध्ये मात्र पंखे होते, गाणी होती, आणि परत येताना रमतगमत यायला मिळायचं. त्यात पहिला शुक्रवार गणिताच्या चाचणीवर आला की आमच्या वर्गातले कॅथलिक दुप्पट व्हायचे. फादर एकदा वेदीवरून खाली बघत म्हणाले की आज पवारांच्या घराण्यात मोठी जागृती झालेली दिसते. पवार मान खाली घालून गुडघ्यांवर टेकला होता. चुकीच्या वेळी.

आता संतांकडे वळतो, कारण शाळेतली खरी श्रद्धा तिथं काम करत होती. आमच्या वर्गात संतांची एक उघड बाजारपेठ होती. कंपास हरवला की पदुआचे संत अंतोनी. त्यांच्या स्तोत्रांचं पुस्तक कुणी तरी पळवलं होतं आणि ते प्रार्थनेनं परत मिळालं, अशी कथा आहे. हरवल्या वस्तूंचं खातं तेव्हापासून त्यांच्याकडे. सगळ्या आशा संपलेल्या प्रकरणांसाठी संत यूदा, म्हणजे आमच्या भाषेत भूमिती. वर्गात ज्याला कुणी काही विचारत नाही त्याला दिलासा म्हणून थॉमस अक्वायनस; त्यांचे वर्गमित्र त्यांना मुका बैल म्हणत, आणि आज तेच शाळांचे आश्रयदाते आहेत. पटेल, पवार, पाटील हे सगळे या बाजारात गिऱ्हाईक होते आणि परेरा दलाल. एक प्रार्थना शिकवायची तर एक वडापाव, अशी त्याची दलाली होती. उलट दिशेनंही माल जात असे. परेराच्या घरचे दहावीच्या पेपराआधी मंगळवारी गुपचूप सिद्धिविनायकाला जाऊन आले, आणि पवारांची आई बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारचा हा नोव्हेना १९४८ पासून चालू आहे. तिथं मेणाचं घर वाहता येतं, मेणाचं बाळ वाहता येतं. मेणाची अपूर्णांकांची उदाहरणं अजून कुणी करत नाही, हा धंदा मोकळा आहे.

परीक्षेचे खास संत मात्र कुपर्तिनोचे योसेफ. सतराव्या शतकातले हे इटालियन संत अभ्यासात इतके कच्चे होते की त्यांना एकच उतारा नीट यायचा, आणि परीक्षकानं नेमका तोच विचारला. एवढ्यावर जगातल्या सगळ्या परीक्षार्थींनी त्यांना आपलं मानलं. माझ्या मते हा संतपदाचा सर्वांत लोकशाही निकष आहे. कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाचं एक गाव आहे, आणि अॅपलच्या फोनांची कचेरी त्याच गावात. आज मुलीच्या वर्गातली पोरं सिस्टरांनी जप्त केलेला फोन परत मिळावा म्हणून याच संताला साकडं घालतात. बहुतेक त्यांना दोन्ही बाजूंची माहिती असावी.

आणि शेवटी आमचे स्वतःचे, गावचे संत: गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मले, जपानला गेले, जेझुइटांकडे प्रवेश मागितला. मिळाला नाही. मग व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले, दुभाषे म्हणून परत जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर चढवलं. १८६२ साली रोमनं त्यांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. वसईचा माणूस हे सगळं अभिमानानं सांगतो. दरवर्षी जूनमध्ये ज्यांच्या पोराचं नाव प्रवेशाच्या यादीत लागत नाही, असे पालक चर्चच्या पायरीवर बसून त्यातला एकच भाग पुन्हा पुन्हा सांगतात, की बघा, साक्षात गार्सियांनासुद्धा ॲडमिशन नाकारली होती. त्यात धर्म-जात काही नसते. गेल्या वर्षी तिथं बसून हे सांगणारे गृहस्थ जोशी होते.

डब्यांचं गणित पंचांगावर चालतं. श्रावणात पाटलाच्या डब्यात भेंडी येते आणि परेराच्या डब्यात कोळंबी. महिनाभर परेरा वर्गाचा राजा. पण देव न्यायी आहे. फेब्रुवारी-मार्चात राखेचा बुधवार येतो, आणि तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. शुक्रवारी मांस बंद. काही घरी पूर्ण चाळीस दिवस बंद. आणि धुळवड बहुतेक वर्षी नेमकी या उपवासकाळातच पडते. पाटलाच्या घरचं धुळवडीचं मटण दुसऱ्या दिवशी डब्यातून वर्गात येतं, झाकण उघडतं, आणि परेरा खिडकीबाहेर नारळाच्या झाडाकडे एकटक बघत बसतो. ख्रिस्तानं वाळवंटात चाळीस दिवस सोसलेला मोह नेमका काय होता, हे धर्मशिक्षणाच्या तासापेक्षा त्याला इथं जास्त कळतं. राखेच्या बुधवारी आणखी एक प्रकार घडला होता. नवे पीटीचे सर त्याच आठवड्यात रुजू झालेले. सकाळी मिस्सेहून आलेल्या पोरांच्या कपाळावर राख. सरांनी अर्ध्या वर्गाला नळावर पाठवून तोंडं धुऊन आणली. फादरांना कळल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त सरांना पुढल्या वर्षी मिस्सेला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं राख लावली.

आता कौतुक पुष्कळ झालं, थोडी तक्रारही मांडतो. वसई म्हणजे मोगऱ्याची, चाफ्याची वसई. इथून मुंबईच्या बाजारात टोपल्या भरभरून फुलं जातात. वर्गातल्या निम्म्या पोरी पहाटे उठून वाडीत कळ्या खुडून शाळेत येतात. आणि शाळेत गजरा बंद. मेंदी बंद, बांगडी बंद. नागपंचमीची मेंदी निघेपर्यंत पोरी हात दप्तरात घालून बसत. का, असं विचारलं तर शिस्त हे उत्तर. शिस्तीचा आणि मोगऱ्याचा संबंध मला अजून लागलेला नाही. वेदीवर त्याच वाडीतली फुलं चालतात, मग वेणीवर का चालत नाहीत, हा प्रश्न मी पालक-शिक्षक संघात मांडला. त्याची नोंद झाली. नोंद ही आमच्या शाळेत फार पवित्र गोष्ट आहे. एकदा झाली की तिला कुणी हात लावत नाही.

डिसेंबर लागला की मात्र सगळे नियम सैल होतात, कारण वर्गावर्गांची गोठ्याची स्पर्धा. बाळ येशूच्या जन्माचा देखावा करायची पद्धत असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीत ग्रेचो गावी रुजवली, जिवंत बैल आणि गाढव उभं करून. एवढं धर्मशिक्षणाच्या तासाला ऐकलं आणि आमच्या वर्गातल्या तबेलेवाल्याच्या मुलानं दुसऱ्या दिवशी एक रेडकू आणलं. बेथलेहेममध्ये म्हशी होत्या का, यावर स्टाफरूममध्ये दोन गट पडले. निर्णय व्हायच्या आत रेडकानं गोठ्यातलं सगळं गवत, योसेफाच्या हातातली काठी आणि देवदूताचा एक कागदी पंख संपवला होता. त्या वर्षी आमचा देवदूत एकपंखी होता. नंबर आला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही प्राण्यांच्या भानगडीत पडलो नाही. पण ऐनवेळी मेंढपाळ कमी पडले. बाजारात मातीच्या मेंढपाळांचे भाव चढलेले आणि वर्गणी थर्माकोलमध्ये संपलेली. तेव्हा पवारानं घरून पिशवी आणली. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. त्यांना दिवाळीनंतर वर्षभर काही काम नसतंच. आम्ही ते गोठ्याभोवती उभे केले. ढाल-तलवारीसकट, कल्ल्यांसकट, एक जण तर तोफेला बत्ती द्यायच्या पवित्र्यात. मारिया बाळाकडे बघतेय, तीन राजे सोनं-ऊद-बोळ घेऊन वाकलेत, आणि मागे तानाजीच्या फौजेतले सात गडी. आता आपली धडगत नाही म्हणून आम्ही परीक्षक फादरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. फादर वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “राजा हेरोद बाळाच्या जिवावर उठलाच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात पहारेकऱ्यांचा कुठं उल्लेख नाही, ही माझी जुनी खंत होती.” पहिला नंबर आला. तेव्हापासून शाळेत प्रथाच पडली. मुलीच्या वर्गानं गेल्या वर्षी गोठ्यावर भगवा लावायचा प्रस्ताव आणला होता. सिस्टरांनी तो तारा लावण्यापर्यंत खाली आणला. समेट झाला तो असा की तारा भगवा.

फेटबद्दल थोडक्यात. शाळेच्या मैदानावर वर्षातून एकदा फेट भरतो, आणि त्याचा आत्मा म्हणजे हाऊझी. जुगाराविरुद्ध वर्षभर प्रवचन देणारी संस्था त्या संध्याकाळी स्वतः आकडे पुकारते, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही. पैसे संडासाच्या दुरुस्तीला जातात. माझी आई नव्वदीला टेकली आहे, एकादशी सोडत नाही, पण फेटची तारीख तिला एकादशीच्या आधी पाठ असते. फुल हाऊस लागलं की ती विठ्ठलाचं नाव घेते. बाजूच्या कोरियाबाई माउंट मेरीचं घेतात. बक्षीस प्रेशर कुकर असतो.

पूर्वी मला या शाळेत घातलं तेव्हा आजोबांनी वडिलांना विचारलं होतं, “तिथं बाटवत नाहीत ना?” काळजी चुकीची नव्हती, काळ तसा होता. वर्षभर त्यांनी माझ्यावर बारीक लक्ष ठेवलं. संध्याकाळी शुभंकरोति म्हणतो का बघितलं, म्हणत होतो. प्रसाद खातो का बघितलं. दोनदा खात होतो. पण एक दिवस घरी पंगत बसली, आणि मला दुसरा मोदक हवा होता म्हणून मी हात वर करून थांबलो. वाढणारी काकू गोंधळली. आजोबांनी जेवण थांबवलं. “हे काय?” म्हणाले. मी म्हटलं, “माझी पाळी यायची आहे.” आजोबांनी कपाळावर हात मारला. “बाटलं,” म्हणाले, “पोर बाटलं.”

आणि ते खरंच होतं. या शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्यांचं, मग तो पटेल असो की परेरा, हे एकच धर्मांतर झालेलं आहे. आम्ही रांगेत उभे राहतो. विरार लोकलच्या दारात आम्ही मागे वळून बघतो की आपल्या आधी कोण होतं. त्यामुळे वसईहून आम्हाला चर्चगेटपर्यंत कधी बसायला मिळालेलं नाही. बँकेत, रेशनला, दर्शनाला, आम्ही रांग शोधतो, आणि रांग नसेल तर एकटेच एक तयार करून तिच्यात उभे राहतो. पंढरपूरला माझा हा अनुभव आहे. तिथं दर्शनबारीत एक माणूस कुणालाही ढकलत नव्हता, मला संशय आला, विचारलं. निघाला आमच्याच शाळेचा, ८९च्या बॅचचा, आडनाव भोईर.

एवढं सगळं सांगायचं कारण व्यावहारिक आहे. मराठी माध्यमाच्या तुकड्या रोडावत चालल्या आहेत. पूर्वी अ, ब, क, ड अशा चार असायच्या, आता मुलीच्या इयत्तेत अ आहे आणि ब आहे, आणि ब मध्ये बाकं रिकामी दिसतात. हिंदू पालक इंग्रजीकडे गेले तसे कॅथलिकही गेले, यात मात्र कुणी मागे राहिलं नाही. ज्या बाईंनी स्टीफन्स दाखवून आम्हाला लाजवलं त्यांची नातवंडंसुद्धा इंग्रजी माध्यमात आहेत, हे मी बाईंच्या अपरोक्ष लिहितो आहे. पुढच्या जूनमध्ये पाचवीचे आणि आठवीचे प्रवेश होतील. सेमीची सोय आहे, मैदान मोठं आहे, प्रयोगशाळेत सांगाडा आहे. मुलाला कोणत्याही देवाचा असला तरी घेतात. जन्मदाखला, आधार कार्ड आणि आधीच्या शाळेचा दाखला आणावा. घरात जादा मावळे असतील तर तेही आणावेत, तलवार मोडलेली चालते. ऑफिस साडेनवाला उघडतं. नऊ एकतीसला खिडकी बंद असेल असं नाही, पण तुम्ही आपले नऊला या, आणि आधी कुणी आलेलं नसलं तरी रांगेतच उभे राहा. सिस्टर वरून बघत असतात.